मेलेल्यांचा ओटा

"ओटा मोकळा ठेवू नका. त्याच्यावर कोणी ना कोणी बसलेलं पाहिजे," असं देवराम वस्ताद दारात उभं राहून बजावून गेले, तेव्हा सुलभा हसली होती. तोंडावर नाही, इतकी रीत तिला होती. पण वस्तादांची काठी गल्लीच्या वळणाआड गेली आणि ती नवऱ्याला, अनंतला म्हणाली, "ऐकलंत? दगडाला म्हणे माणूस लागतो. जन्मभर हौद्यात लोळून म्हाताऱ्याच्या डोक्यात माती गेलीय."

अनंत तहसील कचेरीतून नुकताच आला होता. "मैदान जातंय ना त्यांचं," एवढंच तो म्हणाला. "बोलू दे."

मैदान जात होतं हे खरं. नवं राज्य झालं होतं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, आणि नव्या राज्याच्या पहिल्या सव्वीस जानेवारीला बुऱ्हाणपुरात स्टेडियम पाहिजे, असं वरून ठरलं होतं. जागा कुठली, तर तालमीमागची.

त्या जागेला तोवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. नुसतं मैदान. एका कडेला कुस्तीचा हौदा, मध्ये चुन्याने आखलेलं हुतूतूचं पटांगण, तेलाने काळाभोर झालेला मलखांब, आणि एक जुना निंब. जसोंडीचे केळीवाले त्याच्या सावलीत गाड्या सोडून कुस्त्या बघत बसायचे आणि जिंकणाऱ्याच्या अंगावर केळीची फणी फेकायचे. हौद्याच्या मातीत ताक, तेल नि हळद मुरलेली. तो वास सुलभाच्या नाकात नागपूरच्या कॉलेजातही होता. वर्गात कुणी बी.ए.च्या नोट्स काढत असताना मध्येच तिला वाटे, हौदा खणताहेत.

निंबाच्या अलीकडे तो ओटा. ओटा कसला, एक लांबरुंद काळी फरशी. तिच्याखाली कुंडी होती. बादशाही काळात डोंगराचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं होतं. त्या भुयारावर जागोजाग विहिरीसारखी खोल तोंडं ठेवलेली, त्यांना कुंडी म्हणतात. ही मैदानातली कधीच कोरडी पडली होती. हुतूतूत जो मेला त्याने या फरशीवर जाऊन बसायचं, ही मैदानाची रीत. आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की ओट्यावरचा एक जिता होऊन पुन्हा आत. खेळ नसला की म्हातारे बसत, गाडीवाले बसत. मेलेल्यांचा ओटा, असंच सगळे म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

सुलभाही बसली होती, आणि चांगली पुष्कळ बसली होती, कारण तिचा दम लवकर तुटायचा. बसल्या बसल्या तिने खापरीने फरशीवर नवकांकरीचा पट ओढला होता. एक रेघ तिरकी गेली, त्यावरून मैत्रिणी तिला वर्षभर चिडवत होत्या. नाहीतर ती समोर बघत राही. जामा मशिदीचे दोन मिनार सगळ्या मैदानातून दोन दिसायचे, पण ओट्यावर बसलं की एकामागे एक येऊन एकच होत. "बघा, एक मिनार गिळला," असं म्हणून ती टाळी वाजवायची.

पण ते सगळं कोकिळा व्हायच्या आधीचं. पोर झाली आणि सुलभाचं काळीज जसं अंगाबाहेर येऊन फिरायला लागलं. विहिरीचा काठ, टांग्याचं चाक, चुलीवरचं दूध, सगळ्याकडे तिची नजर. त्यात गेल्या वर्षी कोकिळाला मुदतीचा ताप आला. पोर हाती लागली, पण त्या दिवसापासून 'मेले' हा शब्द घरात बंद झाला. अंगणात खेळताना कोकिळा "आई, मी मेले!" म्हणाली की सुलभा तिथल्या तिथे तिच्या तोंडावर हात ठेवी. "तसं नाही म्हणायचं. बाद झाले म्हणायचं."

"पण सगळे मेले म्हणतात."

"म्हणू देत. तू नाही."

शेजारच्या गोदाबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत हसायच्या. "कॉलेजात हेच शिकिवलं का गं तुले? शब्दानं कोनी मरते का?"

मजुरांनी मैदान केव्हा सपाट केलं ते सुलभाने पाहिलं नाही. मुद्दामच ती त्या रस्त्याने गेली नाही. निंब पडला तो आवाज मात्र घरापर्यंत आला.

सव्वीस जानेवारी जवळ आली. शाळेतल्या मुलांची लेझीम बसवायची होती आणि कोकिळा पहिलीत. दुपारी पोरं घेऊन मास्तर स्टेडियमवर गेले, आणि चहाचं आधण उतरवून सुलभा तिला आणायला निघाली.

एका बाजूला प्रेक्षकांसाठी पायऱ्या चढवल्या होत्या, सिमेंट अजून नवंकोरं. बाकी सगळं तांबडं, सपाट, कुठून कुठवर ते कळू नये असं. हौदा नाही, निंब नाही. फाटकाशी देवराम वस्ताद काठीवर हनुवटी टेकून उभे. आत सोडत नव्हते म्हणून ते रोज तिथेच उभे राहत.

"वस्ताद, घरी नाही गेलात?"

"घरच शोधून राहिलो, सुलू," ते म्हणाले. "माती सारखी केली सगळी. हौदा कुठं होता तेबी सांगता येईना मले. उभ्या जन्माची जागा, अन् ओळखू येत न्हाई."

सुलभाला गलबललं. ती पायऱ्यांच्या कडेने आत गेली. पोरं लेझीम टाकून पळापळी खेळत होती. मास्तर पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते. लाल रिबिनीची कोकिळा तिला दिसली, आणि तिला हाक मारायला म्हणून ती सगळ्यात खालच्या पायरीवर चढली.

पायाखालचा दगड गुळगुळीत होता. बाकी पायऱ्या खडबडीत, नि हाच एवढा बसून बसून झिजल्यासारखा. तिने खाली पाहिलं. नवकांकरीचा पट. एक रेघ तिरकी.

फरशी इथे आहे. मग तिथे काय आहे?

ठेकेदाराचा मुनीम मोतीलाल पायरीवर पान लावत बसला होता.

"मुनीमजी, ये पत्थर कहाँ से आया?"

"यहीं का है, बाईजी. बढ़िया पत्थर, पड़ा था बेकार. लगा दिया."

"उसके नीचे कुंडी थी!"

"थी ना. पत्रा डाल दिया, ऊपर से मुरूम. रोलर भी उधर से बचाके घुमाया."

"उधर म्हणजे किधर?"

मोतीलालने पानाचा हात मैदानावरून असा फिरवला की अर्धं बुऱ्हाणपूर त्यात आलं. "उधर ही कहीं."

ओटा मोकळा ठेवू नका. त्याच्यावर कोणी ना कोणी बसलेलं पाहिजे. दगडाला माणूस लागतो असं म्हातारा म्हणालाच नव्हता. ते तिनेच म्हटलं होतं. बसलेला माणूस म्हणजे खूण. तो दिसला की पळणारं पोर बाजूने जातं.

आणि पोरं पळत होती. पन्नासेक पोरं, वाट्टेल तशी, त्या एकसारख्या तांबड्या मुरुमावर. नाव घेऊन हाक मारली तर कोकिळा सरळ धावत येईल. कुठून येईल? कशावरून येईल? "थांबा" म्हटलं तर निम्मी थांबतील, निम्मी जास्तच उधळतील. "बाद" म्हटलं तर शब्दाची एवढी नजाकत कोण ऐकतंय. या पोरांना खाली बसवणारा शब्द एकच होता. तो शब्द आणि समोर ती लाल रिबीन.

"मेले!" ती ओरडली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "सगळे मेले! सगळेच्या सगळे! जिथं आहात तिथं बसा! कोणी उठायचं नाही!"

पोरं बसली. हसत, एकमेकांना ढकलत, पण बसली. मेल्यावर बसायचं असतं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. मास्तर "अहो बाई, हे काय?" करत आले, त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही. ती मिनारांकडे बघत चालायला लागली.

दोन मिनार. मध्ये आभाळ. ती डावीकडे सरकली तसं आभाळ रुंदावलं. चुकलं. ती उलटी फिरली. पाऊल टाकण्याआधी ती पायाच्या अंगठ्याने मुरूम चाचपत होती. पोरं विचारत होती, "काकू, कोण जितं झालं?" आभाळाची फट बारीक होत गेली, दोऱ्याएवढी राहिली, आणि एक मिनार दुसऱ्याने गिळला.

तिने नजर खाली आणली. त्याच रेषेत, थोडं पुढे, मांडी घालून कोकिळा बसली होती. तिच्याभोवतीचा मुरूम ताटलीसारखा खोलगट झाला होता, आणि एका कडेने तो मुंग्यांच्या वारुळात माती जावी तसा, आवाज न करता, आत जात होता.

"आई!" कोकिळाचा चेहरा फुलला होता. आज पहिल्यांदा घरातला नियम आईनेच मोडला होता. "आई, मी मेले ना?"

सुलभा जागच्या जागी थांबली.

"हो बाळा. मेलीस. हलू नको हं. मेलेलं माणूस हलत नाही."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

मागून श्वास ऐकू आला. वस्ताद फाटक ढकलून आले होते. त्यांनी एका नजरेत पाहिलं, काठी टाकली, डोक्याचा फेटा सोडला आणि कुस्तीत खाली जावं तसे पोटावर गेले. "जड माणसानं म्होरं जायचं न्हाई, सुलू. माझे पाय धर." फेट्याचं टोक त्यांनी फेकलं. एकदा अपुरं पडलं. पुन्हा फेकलं, ते कोकिळाच्या मांडीवर आलं.

"पोरी, हे मनगटाला गुंडाळ. अस्सं. आता आडवी पड, झोपल्यावानी."

"मेलेले बसतात, बाबा. झोपत नाहीत," कोकिळाने सुधारलं.

"हे नवं स्टेडियम हाय, माय. इथं झोपतेत."

ती आडवी झाली. खालून पत्रा कण्हल्यासारखा वाजला. सुलभाने वस्तादांचे घोटे धरले होते आणि डोळे मिटायचे नाहीत एवढंच ती स्वतःला सांगत होती. वस्तादांनी ओढलं, हाताहाताने, घाई न करता. कोकिळाचा फ्रॉक मुरुमावरून सरपटत आला, मग पाय, एक चप्पल मात्र आत गेली. पत्रा एका बाजूने दुमडला आणि मुरुमाची सगळी ताटली खाली उतरली. ती पडल्याचा आवाज बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा पोरांतलं हसू थांबलं.

सुलभाने पोरीला छातीशी इतकं आवळलं की ती ओरडली, "जिती झाले का पण मी?"

"झालीस," वस्ताद म्हणाले.

मोतीलालने त्याच संध्याकाळी दोन पत्रे टाकून वर मुरूम ओतला. फरशी परत मागितली तर म्हणाला, सिमेंट पकलं, आता पायरी फुटेल. पक्कं झाकण भोपाळहून मंजूर होईल. अनंतने अर्ज लिहिला, स्वतः नेऊन दिला. "बघतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद फाटकाबाहेर उभे राहिनासे झाले. सुलभाने मिनार जुळवून जागा दाखवली, तिच्या कडेला त्यांनी घोंगडी पसरली आणि बसले. सव्वीस जानेवारीला पाहुणे आले, लेझीम वस्तादांना वळसा घालून गेली. शिपाई उठवायला आला तेव्हा ते म्हणाले, "मी मेलोय बाप्पा. खेळ संपल्याबिगर उठता येत न्हाई." लोक हसले. सुलभा हसली नाही. ती म्हाताऱ्याचा खोकला ऐकत होती.

चैत्रात अनंतची बदली भोपाळला झाली. तिथल्या घराजवळ विहीर नाही, रस्ता रुंद आहे, कोकिळा शाळेत रमली आहे. तरी दुपार झाली की सुलभाला वाटतं, आता तिथे पोरं सुटली असतील. आता पळत असतील. कुणी बुऱ्हाणपूरला जाणारं भेटलं की ती चहा द्यायच्या आधी हेच सांगते, आणि तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे. गेलात तर स्टेडियमवर जा. फाटकातून आत शिरलं की जामा मशिदीच्या मिनारांकडे बघत चाला, सावकाश, ते दोनाचे एक होईपर्यंत. तिथे घोंगडीवर एक म्हातारा बसलेला असेल. त्याचा खोकला कसा आहे ते विचारा. आणि घोंगडी रिकामी दिसली तर आधी तुम्ही तिथे कडेला बसा, कोणी दुसरं येईपर्यंत उठू नका, आणि मग कुणाला तरी देवराम वस्तादांच्या घरी पाठवा.