मोज्याआडचा पाय

मित्रांनो, माझी धार गेली आहे, सांधाही ढिला झाला आहे. आता कुणी मला कामाला घेत नाही, त्यामुळे बोलायला वेळच वेळ आहे. मी आहे पायाची नखं कापायची पक्कड. तुमच्या घरात नेलकटर असतो ना, त्याची मी थोरली बहीण म्हणा. लहान मुलांची नखं कागदासारखी असतात, त्यांना नेलकटर पुरतो. पण म्हातारपणी पायाची नखं शिंगासारखी जाड होतात, वाकडी वाढतात, कडेनं मांसात रुततात. तिथे नेलकटर हात टेकतो आणि मग मला बोलावणं येतं.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. लालभडक पोलादावर घणाचे घाव पडले आणि मला आकार आला. मग एका म्हाताऱ्या कारागिरानं माझी दोन्ही पाती सहाणेवर घासली, मधूनमधून उजेडासमोर धरून पाहिली. मिटल्यावर पात्यांतून उजेडाची रेघही दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे त्यानं मला बाजूला ठेवलं. तिथून मी नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टच्या एका दुकानात आले आणि तिथे मला संपदानं निवडलं. तिनं मला हातात घेतलं, दोनदा उघडमीट केली आणि म्हणाली, "ही माझी."

संपदा मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती या देशात आली, नेटानं डच शिकली आणि पायांची निगा राखायचं रीतसर शिक्षण तिनं घेतलं. या कामाला इथे पेडिक्युअर म्हणतात. पण ते नखांना रंग लावायचं काम नव्हे. रुतलेलं नख सोडवायचं, कुरूप काढायचं, टाचेचे घट्टे घासायचे, नखाला बुरशी लागली असेल तर ती ओळखायची आणि मधुमेह झालेल्यांच्या पायांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. तिच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "एवढं शिकलीस ती लोकांचे पाय धरायला?" संपदा हसली. म्हणाली, "आई, पाय धरल्याशिवाय माणूस कसा चालतो ते कळत नाही."

वाखनिंगन या विद्यापीठाच्या गावात घराच्याच एका खोलीत तिनं काम सुरू केलं. ते दिवस माझ्या सुखाचे होते. हॉकी खेळणारी एक मुलगी अंगठ्याला नखुरडं झालं म्हणून लंगडत यायची, रडायची. संपदानं माझ्या टोकानं रुतलेला कोपरा असा अलगद सोडवला, की ती जाताना सायकलवर उभी राहून पेडल मारत गेली. प्रत्येक माणसानंतर मला घासूनपुसून वाफेच्या बंद भांड्यात ठेवत. प्रेशर कुकरमध्ये डाळ शिजते ना, तशी मी रोज तापायचे आणि स्वच्छ होऊन बाहेर पडायचे. कौतुकही व्हायचं. "किती हलका हात आहे तुमचा," लोक संपदाला म्हणायचे. त्यातलं थोडं कौतुक मी मनातल्या मनात माझ्याकडे ठेवून घ्यायचे.

गुरुनाथकाका आणि नीलिमाकाकू याच दिवसांत आले. काका तरुणपणी बटाट्याच्या रोगांवर संशोधन करायला इथल्या विद्यापीठात आले आणि इथलेच झाले. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. त्यांना जुना मधुमेह होता. संपदा त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवायची आणि विचारायची, "कळतंय का?" काका वाट पाहत राहायचे. दोरा केव्हाच टेकून गेलेला असायचा.

"काका, तुमच्या पायाला आता दुखणं कळत नाही," तिनं त्यांना स्पष्ट सांगितलं. "खडा टोचला तरी कळणार नाही. म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं."

काकांना वाकता येत नव्हतं. काकू म्हणाल्या, "मी बघीन की." आणि त्या खरोखर बघायच्या. रोज संध्याकाळी काकांचे पाय मांडीवर घेऊन, चष्मा लावून, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. कधी एवढंसं लाल दिसलं तरी दुसऱ्या दिवशी दोघं संपदाच्या दारात हजर. माझ्या आयुष्यात इतके नीट जपलेले पाय मी क्वचितच पाहिले.

मग काकूंना विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग गॅस बंद केला का ते, मग घराचा रस्ता. मुलगी वल्लरी युट्रेख्टला नोकरीला होती, ती रविवारी यायची. तिच्याशी काकू पूर्वी डच बोलायच्या. ते डच हळूहळू पुसलं गेलं. मग इंग्रजी गेलं. मराठी तेवढी उरली, तीही लहानपणीची. काकू संपदाच्या खोलीपर्यंत येईनाशा झाल्या, तेव्हा संपदा पिशवी घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागली. पिशवीत मी असायचे.

तेव्हापासून काकूंची नखं मी कापायचे आणि काका त्यांचा हात धरून बाजूला बसायचे.

"काका, तुमचेही पाय बघू," संपदा म्हणायची.

"माझं राहू दे गं. आधी हिचं कर, ती कंटाळते."

मित्रांनो, काकूंचं होईपर्यंत त्या खरंच कंटाळायच्या, उठून चालू लागायच्या. काका त्यांच्यामागे धावायचे. काकांची तपासणी पुढच्या वेळेवर जायची. हाउसार्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, त्यांना दर वर्षी पाय दाखवायला बोलवायचा. काकूंना एकटं कुठे सोडणार, म्हणून ते तिकडेही जाईनासे झाले. रोज संध्याकाळी तळवे बघणारे डोळे घरातच होते, पण काय बघायचं ते त्या डोळ्यांना आता ठाऊक नव्हतं.

एका हिवाळ्यात संपदाच्या लक्षात आलं, की काका घरातही बूट घालून वावरतात.

"घरात बूट, काका?"

"फरशी गार लागते."

पायाला काही कळत नाही, त्या माणसाला फरशी कशी गार लागेल? संपदानं मला खाली ठेवलं आणि त्यांच्या बुटांकडे पाहिलं. तेवढ्यात खुर्चीत बसलेल्या काकू एकदम म्हणाल्या, "ह्यांच्या पायाला लागलंय."

काका हसले. "तिचं काय घेऊन बसलीस? काल मला विचारत होती, तुमची शाळा सुटली का म्हणून."

"तरी दाखवा ना एकदा."

"पुढच्या वेळी नक्की. आता तिची जेवायची वेळ झाली."

काकू तोवर उठल्याच होत्या. काका त्यांच्यामागे गेले. संपदानं थोडा वेळ वाट पाहिली, मग मला पुसलं, पिशवी भरली आणि ती पुढच्या घरी गेली.

पुढच्या खेपेला दार उघडल्याबरोबर वास आला. मला नाक नाही, पण संपदाचा चेहरा मी पाहिला. तिनं काकूंकडे न जाता सरळ काकांना खुर्चीत बसवलं आणि खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी सोडली. काका एकदा "नको" म्हणाले. मग त्यांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मोजा पायाला चिकटला होता. तो पाण्यानं भिजवून काढावा लागला. उजवा अंगठा काळा पडला होता आणि त्याच्या खालच्या बाजूला खोल जखम होती. मी ताटलीत पडून होते. मला तिथे काहीच काम नव्हतं. जखमेवर माझ्यासारखीचं काही चालत नाही.

"दुखत नाही गं अजिबात," काका म्हणाले.

"म्हणूनच तर, काका." संपदा म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मोज्याला डाग दिसायचे."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या ओढणीच्या टोकाला गाठी मारत बसल्या होत्या. "मला दवाखान्यात ठेवलं, तर हिला कुठे ठेवतील? वृद्धांच्या केंद्रात. हिला तहान लागली, की ही 'पाणी' म्हणते. तिथे कुणाला कळणार पाणी म्हणजे काय?"

 संपदानं जखम झाकली आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दुपारपर्यंत वल्लरी येऊन पोचली. डोळे लाल, जाकीट अजून अंगातच.

"बाबा, मला का नाही सांगितलं? आय वुड हॅव कम!"

"तू आली असतीस," काका शांतपणे म्हणाले, "आणि आधी हिची केंद्रात सोय लावली असतीस."

 वल्लरीनं तेच केलं असतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

पुढचं मी संपदाच्या तोंडून ऐकलं. आधी अंगठा काढला. विष वर चढलं होतं, पायात रक्त नीट पोचत नव्हतं. मग गुडघ्याखाली पाय काढला. काकूंना केंद्रात ठेवलं. तात्पुरतंच, असं सगळे म्हणाले. वल्लरीनं तिथल्या परिचारिकांना 'पाणी' हा शब्द शिकवला. त्या प्रेमळ होत्या, म्हणून पाठ केला त्यांनी. पण माणसं बदलत राहिली, नव्या बायका आल्या, त्यांना कुणी शिकवला नाही. काकू काही काळ मागत राहिल्या. मग त्यांनी मागणं सोडलं. कुणी पेला ओठांना लावला तर प्यायच्या, नाही तर नाही. संपदा जमेल तेव्हा जाऊन बसायची, मराठीत गप्पा मारायची, पाणी पाजायची. पण जमेल तेव्हा म्हणजे रोज नव्हे.

काका बरे झाले, पण घर गेलं. जिना चढणं शक्य नव्हतं. काकूंच्या केंद्रात त्यांना जागा मिळाली नाही. ते दुसऱ्या ठिकाणी राहू लागले आणि आठवड्यातून एकदा गाडीनं काकूंना भेटायला येऊ लागले.

अशाच एका भेटीला संपदानं मला नेलं होतं. काकूंची नखं वाढली होती. चाकांच्या खुर्चीतून काका आत आले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. कोण आलं, हे त्यांना उमगलं नाही. संपदानं काकूंची नखं कापली. मग काका न सांगताच जमेल तेवढे वाकले आणि त्यांनी कसाबसा डाव्या पायातला बूट काढला.

"आता हाही बघ," ते म्हणाले.

संपदानं तो पाय मांडीवर घेतला. बोटाबोटाच्या मधे पाहिलं, तळवा उजेडाकडे वळवून पाहिला. मी त्याची नखं कापली. पाय चांगला होता, एक ओरखडासुद्धा नव्हता. काकू केव्हा इकडे वळल्या, कळलं नाही. त्या बराच वेळ त्या पायाकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "दुसरा कुठे आहे?"

  काकूंनी पुन्हा विचारलं, थोडं रागावून, जसं हरवलेल्या वस्तूबद्दल विचारावं तसं. त्यानंतर काकू काही बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. उन्हाळा सरायच्या आत त्या गेल्या. काका अजून आहेत. त्या डाव्या पायालाही आता कधीतरी सूज येते, असं संपदा परवा नवऱ्याला सांगत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा सांधा ढिला झाला. दुरुस्तीला पाठवलं होतं, पण कारागीर म्हणाला, हिच्यात आता काही राम नाही. संपदानं नवी पक्कड घेतली. ती चांगली आहे, माझ्यापेक्षा हलकी आहे.

मित्रांनो, मी पोलादाची. मला माणसांना शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. पण खूप पाय पाहिले, म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरात सगळ्यांचं करणारं कुणीतरी असेल. आजोबा असतील, आई असेल, मावशी असेल. सगळ्यांची औषधं त्यांना पाठ असतात आणि स्वतःचं ते पुढच्या वेळेवर टाकतात. त्यांना "काही होतंय का?" असं विचारू नका. ते "काही नाही" म्हणतील आणि हसतील. त्यांना खुर्चीत बसवा, खाली बसा, मोजे काढा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.