मूळ कंपनीचे पिकअप

पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढल्यावर तिचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. नितळ दिसतं तेच पाणी जास्त खोटं बोलतं, असं ती म्हणायची. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटार दुरुस्तीवाल्याकडे ठेवून यायचं, हे तिला पटेचना.

गिटार दादाची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि हौसेने वाजवायचा. नवी घेतल्यावर त्याने जुनी धाकट्या बहिणीच्या हवाली केली. वर बजावलं, "आतले पिकअप मूळ कंपनीचे आहेत. आता असे बनत नाहीत." पण शनिवारी दुपारी ऑफिसातली चौघं सरावाला जमली, की त्या पिकअपमधून सुरांपेक्षा गुणगुणच जास्त यायची. तारांचं कंपन पकडून स्पीकरकडे धाडायचं, एवढंच त्यांचं काम. तेही त्यांना जमेना. शेवटी नवे बसवायचं ठरलं.

"जुने आठवणीने परत माग," ड्रम वाजवणारा स्टोअरकीपर म्हणाला. "हे लोक दिवसाढवळ्या डोळ्यांत धूळ फेकतात."

झालं, तिच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला. गिटारचे आठ बाजूंनी फोटो काढूनच ती दुकानात गेली. दुरुस्तीवाले काका साठीचे, कपाळावर भिंग चढवलेलं.

"इथे बसून करून घेते," ती म्हणाली.

"बसा की. पण तुम्ही माझ्या हाताकडे बघत बसणार आणि माझा हात थरथरणार. चार दिवसांनी या, ताई."

चोराच्या मनात चांदणं, असं मनाशी म्हणत ती घरी आली.

चौथ्या दिवशी काकांनी गिटार वाजवून दाखवली. गुणगुण कुठच्या कुठे पळाली होती, एकेक सूर धुतल्या तांदळासारखा सुटा येत होता. तिला भरून आलं. जुने पिकअप काकांनी न मागताच पाकिटात घालून दिले.

घरी तिने पाकीट उघडलं. पिकअपच्या पाठीवर कंपनीचा शिक्का नाही, काही नाही. खाली गोंदाने कसाबसा चिकटवलेला हलका लोहचुंबक. दादाने सांगितलेला माल हा नव्हेच! हातोहात बदलला म्हाताऱ्याने. म्हणूनच तर न मागता दिले.

दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात गेली. एक फोटोग्राफर आपली बेस गिटार दुरुस्तीला टाकून पावती घेत होता. तिने मागचापुढचा विचार न करता तोंड सोडलं. "माझा माल पचवलात आणि हे भंगार गळ्यात मारलंत?"

फोटोग्राफरने एकदा तिच्याकडे, एकदा काकांकडे पाहिलं, गुपचूप गिटार उचलली आणि निघून गेला.

काकांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "उघडल्या उघडल्या मी फोटो काढतो. बघा."

"फोटो काय, कशाचाही काढता येतो."

तरी तिने मोबाइल हातात घेतला. गिटारच्या पोटात हेच बिनशिक्क्याचे पिकअप होते. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर आकडा. पाचाच्या आकड्याला खाली लांब शेपटी. लहानपणी तिच्या वह्यांवर दादाच आकडे घालून द्यायचा. अशाच शेपटीवरून बाई तिला हटकायच्या. तिने मोबाइल काकांच्या हातात परत दिला.

तिथूनच ती दादाकडे गेली.

"तूच बदललेस?"

"मी कशाला बदलू?"

"चिठ्ठीवर पाच काढलायस."

दादाने भिंतीवरच्या आपल्या नव्या गिटारकडे पाहिलं. "महिनाभरात कंटाळशील असं वाटलं गं. चांगले पिकअप नुसते पडून राहिले असते, म्हणून या नवीत घातले. देतो आत्ता काढून."

"नको मला. खरं का नाही सांगितलंस? मी एका भल्या माणसाला चोर म्हणून आले, दादा."

तो स्क्रूड्रायव्हर शोधायला उठला, पण ती थांबली नाही. जिन्यात तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिने काकांची माफी मागितली. ते हातातल्या तारा गुंडाळत राहिले. "माझं सोडा. तो गेला ना, त्याला सांगा."

फोटोग्राफरचा स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडे होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?"

"नाही."

"मग त्यांनी पाठवलंय."

"हो, त्यांनीच."

"बघा!" तो हसला.

तो तिच्याकडे पाहत होता तसंच आपणही चार दिवस काकांकडे पाहत होतो, हे तिच्या लक्षात आलं. मग सख्ख्या भावाने कसं फसवलं, तेही तिला सांगावं लागलं. तो हसायचा थांबला, पण 'बघू' यापलीकडे काही बोलला नाही.

पुढचे दहा दिवस ती येता-जाता दुकानात डोकावायची. अकराव्या दिवशी काकांच्या टेबलावर बेस गिटार उघडी पडली होती आणि शेजारी स्टूल टाकून फोटोग्राफर टक लावून बसला होता. काकांनी मान वर केली नाही, पायानेच दुसरं स्टूल तिच्याकडे सरकवलं.