टिली भुंकत होती

कुत्र्यांच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारे पट्टे नव्हते तेव्हाची ही गोष्ट. गिप्सलँडच्या डोंगरात आम्ही सात जण सांबराच्या शिकारीला जायचो. कुत्री पाच होती, सगळी क्लॅरी हॉस्किंगची.

क्लॅरी स्वतः आताशा बंदूक क्वचितच उडवायचा. कुत्री सोडली की डोंगराच्या सोंडेवर जाऊन उभा राहायचा, टोपी काढायचा आणि ऐकायचा. मग वॉकीटॉकीवर त्याचा आवाज यायचा, "टिलीला माग लागला. मेजर उगाच बोंबलतोय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. सांबर खिंडीकडे वळलंय. मॉरी, जागा सोडू नकोस, तुझ्याकडेच येतंय." आणि खरंच, पाचव्या मिनिटाला मॉरीच्या पुढ्यात नेच्यांची झुडपं हलायची. प्रत्येक कुत्र्याचा गळा त्याला ओळखू यायचा. टिलीचा तर खासच. ती खर्जात सुरू करायची आणि वर जाता जाता तिचा आवाज फाटायचा.

मला या टोळीत आणलं क्लॅरीनंच. माझा नवरा वारला, त्यानंतर महिन्याभरानं मी त्याची रायफल घेऊन क्लॅरीकडे गेले. म्हटलं, कुणाला हवी असेल तर विकून टाक. त्यानं ती उघडली, नळीतून पाहिलं, तेलाच्या फडक्यानं पुसली आणि माझ्याच हातात परत दिली. "शनिवारी पहाटे पाचला ये. जाड मोजे घाल." एवढंच बोलला. गायींचं दूध काढायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं, यापलीकडे त्या वर्षी मला काही उरलं नव्हतं. त्या शनिवारांनी मी जगले.

म्हणून, त्याला ऐकू येईनासं झाल्याचं माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही.

लक्षात आलं ते असं. एकदा कुत्री अगदी गप्प होती आणि हा वॉकीटॉकीवर म्हणाला, "टिली लागली मागावर." मी शेजारीच होते. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच दुरुस्ती केली, "नाही, थांबली." पुढच्या शनिवारी म्हणाला, "नोरीन, गुडघा दुखतोय. तू माझ्यासोबतच थांबत जा." गुडघ्याला काही झालं नव्हतं. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीपाशी काढली आणि तेवढीच कानाशी बंदुकीचे बार ऐकत. त्यानं कानाचं मशीन आणलं होतं, पण वाऱ्यात ते नुसतं शिट्ट्या मारायचं. ते तंबाखूच्या डबीत पडून असायचं.

दोन हंगाम आम्ही असेच काढले. मी ऐकायचे आणि बोटानं दाखवायचे. खाली, ओढ्याकडे, डावीकडे. तो वॉकीटॉकीवर सांगायचा. समोरून कुणी काही बोललं तर मी मान डोलवायचे किंवा हलवायचे. याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

जुलैतला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला शनिवार होता. गवतावर हिम साचलं होतं आणि वारा नैर्ऋत्येचा, बोचरा. आमचे दोन गडी तापानं पडले होते. उरलो पाच. मॉरीनं पिकअपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. मॉरी म्हणजे गावातला खाटीक. छातीपर्यंत दाढी आणि जिभेला हाड नाही.

"जंगलखात्याच्या रस्त्यावर कुणी तरी हवं," तो म्हणाला. "सांबर तिथून निसटतं. नोरीन, तू जा."

"मी क्लॅरीसोबत थांबते."

"का गं? म्हातारा पळून जाणार आहे का? का साखरपुडा उरकलात आम्हाला न बोलावता?"

सगळे खो खो हसले. सिल्व्हानो नेहमी आमच्यासाठी सांबराच्या मांसाचं सलामी सॉसेज करून आणायचा, तो हातातला सुरा आणि सलामी तशीच धरून म्हणाला, "लग्नाचं जेवण माझ्याकडे!" माझे कान तापले. पन्नाशीची विधवा बाई मी. मी क्लॅरीकडे पाहिलं. तो हसत होता, पण सगळे हसतायत म्हणून. मग त्यानं मॉरीचं बोट नकाशावर कुठे टेकलंय ते पाहिलं आणि त्याला कळलं.

"जा तू," तो म्हणाला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. चार माणसं होती, चारही जिवाभावाची. पण त्या हसण्यानंतर माझी जीभ उचलली नाही. मी रायफल खांद्याला अडकवली आणि गेले.

साडेआठला कुत्री सुटली. नऊच्या सुमाराला चार कुत्री एका मादीमागे पलीकडच्या डोंगरात उतरली आणि मॉरी, सिल्व्हानो आणि पाचवा गडी तिकडेच धावले, वॉकीटॉकीच्या टप्प्याबाहेर. टिली त्यांच्यात नव्हती. मी रस्त्यावर उभी होते. वारा माझ्याकडून तिकडे वाहत होता, पण मध्येच पडला की अगदी पुसट, खर्जातून वर चढणारा आवाज येत होता. एकाच जागेवरून. कुत्रं एका जागी राहून असं भुंकतं म्हणजे सांबर पाण्यात उभं ठाकलंय, शिंगं रोखून. अशा वेळी कुणी तरी लवकर पोचावं लागतं. मोठा नर असला तर एकट्या कुत्र्याचं त्याच्यापुढे काही चालत नाही.

मी बटण दाबलं. "क्लॅरी, टिली तुझ्या खाली ओढ्यात आहे ना? नर अडवलाय तिनं."

खरखर झाली. मग त्याचा आवाज, "हो, हो. ठीक आहे. बघतो मी."

मला हायसं वाटलं. हे मी आजही स्वतःला विसरू देत नाही. दोन वर्षं त्याची उत्तरं मीच त्याला पुरवत होते. काही ऐकू आलं नाही की तो "हो, हो, ठीक आहे" म्हणतो, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

बार ऐकू येईना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. वारा पडला की टिलीचा आवाज यायचा, दर वेळी जास्त घोगरा. मी पुन्हा विचारलं. "ठीक आहे, ठीक आहे." अर्धा तास झाल्यावर मी जागा सोडली आणि चढण चढायला लागले. नेचे, निसरडे ओंडके, दोनदा पडले. सोंडेवर पोचायला आणखी वीस मिनिटं लागली.

क्लॅरी ओंडक्यावर बसला होता. थर्मासमधून चहा ओतत होता. आणि खाली, फार तर तीनशे पावलांवर, टिली भुंकत होती. आता ते भुंकणं राहिलं नव्हतं. ती कुणाला तरी बोलावत होती.

त्यानं माझा चेहरा पाहिला आणि झाकण त्याच्या हातातून पडलं. मी बोट दाखवलं. सहासष्ट वर्षांचा माणूस त्या उतारावरून कसा धावला, मला माहीत नाही. आम्ही अर्ध्यात असतानाच खाली शांत झालं. त्याला ते कळलं नाही. तो धावतच राहिला.

डोहापाशी सांबर नव्हतं. पलीकडच्या काठावर ओले खूर उमटले होते. टिली दोन दगडांच्या मध्ये, अर्धी पाण्यात. तिच्या बरगड्या आत गेल्या होत्या. क्लॅरीनं गुडघाभर बर्फगार पाण्यात उतरून तिला उचललं, मांडीवर घेतलं आणि कोटाच्या बाहीनं तिचं तोंड पुसलं.

"किती वेळ भुंकत होती?"

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "खरं सांग."

"जवळजवळ तासभर."

त्यानं मान डोलवली. बराच वेळ तिच्या कानावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला ऐकू येत नाही, नोरीन."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे, ते मला माहीत आहे."

बाकीचे आले. सिल्व्हानोनं काही न विचारता आपला कोट काढून टिलीला त्यात गुंडाळलं. मॉरीला सगळं कळलं तेव्हा तो आधी पांढरा पडला, मग भडकला. "दोन वर्षं? हा सांगायचा आणि आम्ही बंदुका रोखायचो! कुत्र्याच्या जागी आमच्यातलं कुणी असतं तर? आणि तू, नोरीन, तूही?" तो चुकीचं बोलत नव्हता. क्लॅरीला त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नसावं, पण त्यानं मान खाली घालून सगळं ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात उरलेली चारही कुत्री, पट्टे, साखळ्या आणि कुत्र्यांना परत बोलवायचं गायीचं शिंग, सगळं त्यानं सिल्व्हानोच्या अंगणात नेऊन ठेवलं. पुन्हा डोंगरात आला नाही.

मी मंगळवारी त्याच्याकडे जायचे. हंगाम संपता संपता एकदा तो फ्रीज उघडून म्हणाला, "हे बघ. मॉरी दर रविवारी पाठीचं मांस पायरीवर टाकून जातो. कुत्र्याला टाकावं तसं. आत यायचंही त्याला नको वाटतं."

मी तडक मॉरीच्या दुकानात गेले. तो सुरी आपटून म्हणाला, "मी? अगं, पाच-पाच मिनिटं दार ठोकतो मी. आत दिवा असतो, त्याची सावली हलताना दिसते. दार उघडत नाही म्हातारा. नाही माफ करायचं मला, तर नाही करायचं."

"मॉरी, त्याला दार ठोकलेलं ऐकू येत नाही रे!"

मॉरी सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. गिऱ्हाईक आलं, तेही थांबलं. तो एवढंच म्हणाला, "चार महिने."

त्या रविवारी आम्ही दोघं मागच्या दारानं गेलो. आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं, क्लॅरी ओठ वाचतो, सावकाश बोल. क्लॅरी टेबलापाशी बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "हा कोण बाप्या आणलास?"

तीस वर्षांची दाढी मॉरीनं त्या सकाळी साफ उतरवली होती. खालची हनुवटी कोवळ्या बटाट्यासारखी पांढरी निघाली होती आणि दोन ठिकाणी कापलं होतं.

"मी आहे, म्हाताऱ्या," मॉरी ओठ ताणून म्हणाला.

क्लॅरीनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवली. "दाढीच बरी होती," तो म्हणाला.

आम्ही चहा घेतला. मॉरी एकेक शब्द सुटा करून सांगत होता. सिल्व्हानोकडे मेजर नीट खातो. हंगाम वाईट गेला, चुकीच्या डोंगरात धावत बसलो. मग त्यानं कप खाली ठेवला आणि पुढे झुकला.

"पुढच्या हंगामात ये. काही करू नकोस. नुसता शेकोटीपाशी बस. तू नसलास की आम्ही आपसात भांडतो."

क्लॅरीनं ते वाचलं. शब्दन् शब्द वाचला, मी त्याचे डोळे बघत होते. मग त्यानं हात कानामागे नेला.

"ऐकू नाही आलं, गड्या," तो म्हणाला, आणि किटली उचलून मॉरीचा कप पुन्हा भरला.