कोपऱ्यातली तारीख

डायरेक्टरांनी सफाईची कॅसेट कॅमेऱ्यातून काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि पुन्हा आत सारली. सकाळपासून हेच चाललं होतं. मग नातीच्या वाढदिवसाची टेप लावून ते टीव्हीसमोर बसले. पडद्यावर नात मेणबत्त्या विझवत होती आणि तिच्यासकट टेबल, भिंत, फुगे, सगळं थरथरत होतं.

"कॅमेऱ्याचं हेड गेलंय," ते म्हणाले. "म्हातारा झाला बिचारा. आता नवा घ्यायलाच हवा."

"घेऊ की," बायको म्हणाली आणि तिने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. अलीकडे ती कप अर्धाच भरायची. उरलेला चहा ओट्यावर झाकून ठेवायची आणि हा संपला की तो आणायची. यावर दोघांत कधी अवाक्षर निघालं नव्हतं.

तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात होती. तिथे पिवळ्या आकड्यांत तारीख उमटली होती. अख्खं घर हलत होतं, तारीख मात्र जागची ढळत नव्हती. हेड गेलं असतं तर तारीखही थरथरायला हवी होती. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण एवढं कळत होतं. ती कपड्यांच्या घड्या घालायला उठली.

'डायरेक्टर' हे नाव घरच्यांनी ठेवलेलं. खरा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. पट्टी न लावता सरळ रेघ ओढावी तर यांनीच, असं बाजारात म्हणत. पुढे छापील फलक आले, ब्रश वाळले आणि त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तेव्हापासून घरातलं एकही लग्न, एकही वाढदिवस त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. कुठल्याच टेपमध्ये ते स्वतः दिसत नाहीत. नुसता आवाज येतो, "इकडे बघा, अरे इकडे!"

येत्या शनिवारी नातीच्या शाळेत नाटक होतं. तिला झाडाचं काम मिळालं होतं. परवा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, यंदा तुम्ही राहू द्या. मी मोबाइलवर घेतो." डायरेक्टरांनी फोन ठेवला. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत. नवा कॅमेरा शनिवारच्या आत हवा होता तो यासाठी.

दुपारी दोघं दुकानात गेली. काउंटरमागच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कसला दाखवू?"

"खिशाला झेपेल असा," डायरेक्टर म्हणाले. "टेपवाला होता. हेड गेलं."

बाईंनी दोन कॅमेरे काढले. एक स्वस्त होता, दुसरा थोडा महाग. डायरेक्टरांनी स्वस्तातला उचलून उलटापालटा केला.

"डोळा लावायची जागा कुठंय?"

"आता नसते हो काका. या पडद्यात बघायचं."

"म्हणजे हात लांब करून धरायचा?"

"हो, असा."

त्यांनी तसा धरून पाहिला आणि लगेच कोपर पोटाशी घेतलं. बायकोने ते पाहिलं आणि उगाचच पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

"हा दुसरा घ्या," बाई म्हणाल्या. "यात सोय आहे. हात हलला तरी चित्र हलत नाही."

"त्याची आपल्याला गरज नाही."

"मला आहे," बायको पटकन बोलली. "शनिवारी मी काढणार आहे."

"तू?" डायरेक्टर हसले, पण डोळे हसले नाहीत. "मागं एकदा हिच्या हातात दिला होता, बरं का बाई. लेन्सची टोपी काढायलाच विसरली! अख्खा वाढदिवस काळाकुट्ट. नुसता आवाज."

"आवाज तर छान आला होता," बायको म्हणाली.

बाई हसल्या. डायरेक्टरांनी स्वस्तातलाच कॅमेरा पुन्हा हाती घेतला, बायकोला भिंतीशी उभं केलं आणि थोडं चित्रण केलं. बाईंनी वायर जोडून ते दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावलं. भिंतीशी उभी असलेली बायको थरथरत होती. मागची भिंतही थरथरत होती.

"हाही तसलाच," डायरेक्टर हळू आवाजात म्हणाले.

"नाही काका, कॅमेरा नवा कोरा आहे, तुमचा हा..."

"मीच हलले," बायकोने मध्येच तोडलं. "मला मेलीला एका जागी उभंच राहवत नाही. आणि शनिवारी झाड हललं म्हणून काय बिघडलं? वारा सुटलाय म्हणतील लोक."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काउंटर पुसायला घेतला. डायरेक्टर बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वस्तातला कॅमेरा अलगद खाली ठेवला.

"बाई, यात कोपऱ्यातली तारीख बंद करता येते का?"

"येते की. पण राहू द्या ना, पुढं आठवायला बरी पडते."

"नको. ती हलत नाही," ते म्हणाले. "बाकी सगळं हलतं आणि ती तेवढी थांबलेली असते. मग बघणाऱ्याला लगेच कळतं."

बायकोचा हात पर्सवर तसाच राहिला. तिला वाटत होतं, आपण एकटीनेच पाहिलंय.

"तो दुसरा द्या," डायरेक्टर म्हणाले. "हात हलला तरी चालतो म्हणालात तो."

बायकोने पर्स बंद केली. "शनिवारी तुम्हीच काढायचं हं. मी फक्त टोपी काढून देईन."

"याला टोपी नसते," बाई खाली बघतच म्हणाल्या. "झाकण आपोआप उघडतं."

"घ्या! मग मी काय करू?"

डायरेक्टरांनी नवा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलला. हात थरथरत होते. त्यांनी आता कोपर पोटाशी घेतलं नाही.

"तू तिकडे उभी राहा," ते म्हणाले. "आणि या खेपेला हलू नकोस."

ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.