पडद्यावरचा अखंड दिवा

नकाशा सेव्ह होत नव्हता. बटण दाबलं की कॉम्प्युटर एकच निरोप द्यायचा, मेमरी कमी आहे, चालू असलेले प्रोग्रॅम बंद करा. मी गाणी बंद केली, गेम बंद केला, व्हायरस शोधणारा तो सुस्त चौकीदारही बंद केला. तरी तेच. सकाळपासूनचं काम नुसतं पडद्यावर दिसत होतं, मशीन बंद पडलं की ते गेलंच.

राज्य नवं, राजधानी नवी, आणि रायपुरात ज्याला त्याला नकाशे कालच हवे होते. चौबे कॉलोनीतले आर्किटेक्ट चारुदत्त सर आजवर मला दुसऱ्यांच्या नकाशांत संडास-बाथरूम भरायला द्यायचे. या खेपेला एका सरकारी कचेरीचा अख्खा मजला त्यांनी माझ्यावर सोपवला होता. पाचपर्यंत सीडी पोचली नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार आणि मी परत संडास-बाथरूमवर. हे त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं होतं, म्हणून मला जास्तच राग आला होता.

नवऱ्याला, सचिनला, फोन केला. तो हिंदीत म्हणाला, रीस्टार्ट मार दे यार. म्हणजे सकाळपासूनचं सगळं पाण्यात. मी फोन आपटला.

खरं तर मेमरी कोण खातंय ते मला ठाऊक होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक दिवा जळत होता. तो आमच्या घरचा नवरात्रातला अखंड दिवा. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दमा. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी तेलाच्या दिव्याचा धूर पूर्ण बंद सांगितला, तेव्हा सचिनने बाजारातून सीडी आणून पडद्यावर दिवा लावून दिला. घट बसले त्या दिवशी आईंनी मॉनिटरला कुंकू लावलं, आणि तेव्हापासून नऊ दिवस कॉम्प्युटर बंद करायची बंदी. रोजच्या माळेतली चार झेंडूची फुलं त्याच्याही डोक्यावर. प्रोग्रॅम कुण्या अर्धवटाने बनवलेला होता. तासातासाला तो आणखी मेमरी मागायचा आणि घेतलेली परत द्यायचा नाही.

मला हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. मागच्या नवरात्रात खरा दिवा मधेच विझला आणि थंडीत बाबा गेले. बाबा म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. दिवा वाऱ्याने गेला, आई एवढंच सांगायच्या आणि विषय बदलायच्या. यंदा मात्र रात्री उठून उठून पडदा बघत होत्या.

चारच्या सुमाराला माऊस अडखळू लागला आणि ज्योत हलायची थांबली. प्रोग्रॅम लटकला होता. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि पडद्यापुढे उभ्याच राहिल्या.

"पाह्य व मीनल, कशी शांत जळून राहिली. इतकी निवांत ज्योत मी जन्मात नाही पाहिली."

त्यांनी हात जोडले. देवीने पदरात घेतलं असं त्यांना वाटलं असणार. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता. गप्प बसावं असं मला मनापासून वाटलं. पण घड्याळ काही गप्प बसत नव्हतं. मी तीन बटणं एकदम दाबली. चालू प्रोग्रॅमची यादी आली, दिव्यापुढे लिहिलेलं होतं, नॉट रिस्पॉन्डिंग. आई खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. त्यांची नजर चुकवून उरकायची सोयही राहिली नाही, आणि तसं करायची मला लाजही वाटली.

"आई, तो जळत नाहीये. अडकला आहे. बंद नाही केला तर माझं काम जाईल."

"बंद म्हणजे? विझवशीन?"

"हो."

"तू?"

मी नाही तर कोण, दुसरं आहे कोण घरात, असं मी तडकून बोलले आणि लगेच वाईट वाटलं. मी बटण दाबलं. कोपरा रिकामा झाला. मग सेव्ह दाबलं, आणि नकाशा निमूटपणे सेव्ह झाला. सुटकेने मला हसूच येणार होतं, पण आईंनी माझं मनगट पकडलं होतं.

"मागच्या वर्षी वारा नव्हता," त्या म्हणाल्या. "मीच फुंकला होता. खोकला थांबत नव्हता, मले श्वास घेता येत नव्हता. ह्यायलेही खोटंच सांगतलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुले काही होईन तं नाही न?"

बाबांची छाती आधीपासून दुखत होती, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी ते पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, मनगट सोडलं नाही. सीडी घेऊन मी निघाले तेव्हा त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. सरांनी सीडी घेतली, घड्याळ पाहिलं आणि या कोण म्हणून विचारलं.

सासूबाई, मी म्हणाले.

थंडी संपेपर्यंत त्यांनी मला एकटीला कुठे सोडलं नाही. सरांच्या ऑफिसला, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे त्या बरोबर. मी चिडायचे, भांडायचेही. होळी झाली, ऊन चढलं. एका सकाळी मी भाजीची पिशवी घेतली आणि सवयीने त्यांची वाट पाहत थांबले. त्या तांदूळ निवडत होत्या, उठल्या नाहीत.

"जा तू," म्हणाल्या. "मी कायले येऊ?"

दिवा विझल्याने कोणी जात नाही हे त्यांना पटायला मला एक हिवाळाभर जिवंत राहावं लागलं होतं. मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून पोटभर रडले.