एका काचेत दोघं

मी एक काचेची पेटी. बेलापूरला मिशन शाळेच्या मागे एलिझाबेथबाईंचं घर आहे, त्याच्या ओसरीत मी असते. तुम्ही हौसेनं बेडूक किंवा कासव पाळायचं म्हणत असाल, तर घटकाभर माझ्यापाशी टेका. शहाणपण शिकवायचा माझा अधिकार नाही. माझ्या आत जे घडलं तेवढं सांगते.

माझा जन्म नगरचा. जैनुद्दीनभाईंनी आपल्या बेकरीसाठी मला करून घेतलं. सागवानी चौकट, चारी बाजूंना जाड काच आणि आत नानखटाईच्या चळती. पोरं काचेला नाक दाबून आत बघायची आणि नाकाचे ठसे ठेवून जायची. भाई ते फडक्यानं पुसायचे, पण कधी कुणावर खेकसले नाहीत. मग लढाई लांबली, साखर आणि मैदा मिळेनासा झाला, भट्टी विझली. भाईंनी दुकान आवरलं तेव्हा फिलिप मास्तरांनी मला बेलापूरला आणलं.

मास्तर शाळेत शिकवत. घरात त्यांची बायको दया आणि नऊ वर्षांची मुलगी कृपा. मला आणलं होतं पुस्तकं ठेवायला. पण त्या पावसाळ्यात मायलेकी पाटाच्या डबक्यावर गेल्या आणि लोटाभर पाण्यात शेपटीवाली काळी पिल्लं घेऊन आल्या. दयाबाई नवऱ्याला म्हणाल्या, पुस्तकं काय पोत्यातही राहतील. मास्तर हसले. त्यांनी माझ्या तळाला पत्र्याचं खोलगट ताट बसवून घेतलं, एका कोपऱ्यात विटा रचल्या, वर तारेची जाळी घातली. अशी मी बेकरीवाल्याची शोभा सोडून बेडकांचं घर झाले.

पिल्लांना आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे, मग शेपट्या आटत गेल्या. कृपा शाळेतून आली की दप्तर टाकून आधी माझ्याकडे यायची. पिल्लांचे बेडूक झाल्यावर दयाबाईंनी तिला समजावलं की ज्याचं घर जिथं, त्याला तिथं सोडावं. सगळे पाटावर सोडले. एकच कृपानं हट्टानं ठेवून घेतला. तो अंग फुगवून विटेवर असा बसायचा की दयाबाईंनीच त्याला पाटील म्हणायला सुरुवात केली. गांडूळ कसं धरायचं, पाणी कसं बदलायचं, पाटलाला हात लावण्याआधी आपला हात ओला का करायचा, हे सगळं कृपा आईकडून शिकली.

थंडीत दयाबाईंना विषमज्वर झाला. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

त्यानंतर कृपा माझ्या काचेला गाल लावून बसायची. रडायची नाही. नुसती आत बघायची. दयाबाईंनी हातानं वाढवलेले आता त्या घरात दोनच जीव उरले होते, एक ती आणि एक पाटील.

वर्ष सरून गेलं आणि ईस्टरनंतर मास्तरांनी एलिझाबेथबाईंशी लग्न केलं. बाई नगरच्या मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. तिशी उलटलेली, बोलणं मोजकं, स्वभाव मऊ. सावत्र आईच्या ज्या गोष्टी तुम्ही ऐकता त्यांतलं त्यांच्यात काही नव्हतं. त्या कृपाची वेणी घालायच्या, तिच्या आवडीची भाजी करायच्या. कृपा ताटातलं सगळं संपवायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची आणि त्यांना 'बाई' म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. ती भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. भांडायलाही थोडी जवळीक लागते.

मे महिन्यात तिची आजी, छबूबाई, तिला सुट्टीसाठी न्यायला आली. दयाबाईंची ही आई, जामखेडकडची. गाडी जुंपली होती. कृपा परत आत आली, माझ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंकडे बघून म्हणाली, "बाई, पाटलाला सांभाळाल ना?"

बाई त्या घरात आल्यापासून कृपानं त्यांच्याकडे काही मागितलं होतं ते एवढंच.

"सांभाळीन हो," बाई म्हणाल्या. "अगदी जिवापाड."

आणि जिवापाडच सांभाळलं. रोज ताजं पाणी, रोज विटा धुणं, गांडुळाची किळस यायची तरी डोळे मिटून चिमटीत धरणं. पण एवढ्यानं त्यांचं मन भरेना. पोर परत येईल तेव्हा तिला आपल्याकडून काहीतरी मिळावं, तिचा चेहरा एकदा फुललेला दिसावा, असं त्यांना सारखं वाटायचं. त्यातच गहिनीनाथ भोई प्रवरेच्या आटलेल्या डोहातून तळहाताएवढं कासव घेऊन दारात आला. मऊ पाठीचं, लांब नाकाचं, भारी देखणं. बाईंनी विचारलं, हे बेडकाबरोबर राहील का. त्यानं कधी असलं काही पाळलेलं नव्हतं. तो आपला समजुतीनं म्हणाला, "ऱ्हाईल की बाई. दोगंबी पान्यातलंच."

बाईंनाही ते पटलं. पाटील एकटा आहे, त्याला सोबत होईल, असं त्या मास्तरांना म्हणाल्या. कासव माझ्या आत आलं.

मला बोलता येत असतं तर मी त्याच दिवशी ओरडले असते. पाटील खालच्या विटेवरून वरच्या विटेवर गेला आणि तिथून हलेना. समोर गांडूळ वळवळत असलं तरी तोंड उघडेना. इकडे कासवाला ऊन हवं होतं. ते माझ्या काचेला नखं घासत राहायचं. बाईंच्या ते ध्यानात आलं, म्हणून त्यांनी मला उन्हाच्या बाजूला सरकवलं. मेचं ऊन ते. पाणी तापलं आणि पाटलाची ओली चकचकीत कातडी विझल्यासारखी झाली. घाबरून त्यांनी मला सावलीत घेतलं, तर कासव मलूल झालं. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. शिवाय कासवाची घाण त्याच पाण्यात, आणि बेडूक तर ते पाणी कातडीनंच पितो.

बाईंनी काही कमी केलं नाही. दिसत होतं ते त्यांना वाचता येत नव्हतं, इतकंच. एकदा कासव विटेला लागून मान वर करून बसलं होतं आणि पाटील वर निश्चल. बाईंनी मास्तरांना हाक मारून दाखवलं, बघा, कशी गट्टी जमलीय. ती गट्टी नव्हती. कासव अंदाज घेत होतं.

एका दुपारी त्या माझ्याजवळच कृपासाठी फ्रॉक शिवत बसल्या होत्या. कासवाची मान एवढी लांब होत असेल असं कुणाला वाटलं नसतं. पाण्यात धडपड झाली. बाईंनी जाळी फेकून हात आत घातला. कासवानं त्यांच्या बोटाचा लचका घेतला, तरी त्यांनी पाटलाला सोडवलंच. पण त्याचा मागचा पाय गेला होता. संध्याकाळपर्यंत तो ओल्या फडक्यावर धपापत राहिला आणि मग थांबला.

कासवाला मी दोष देत नाही. त्यानं भूक भागवली. नदीत असतं तर पाटील एका उडीत गवतात गेला असता. माझ्यात तो कुठं जाणार होता? चारी बाजूंना मीच होते.

मास्तर घरी आले तेव्हा बाई बोट बांधून ओसरीत बसलेल्या. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पाटावर असले शंभर बेडूक आहेत, एक तसाच बघून आणतो, पोरीला कळायचं नाही.

"नका आणू," बाई म्हणाल्या.

"तिला काय वाटेल ते कळतंय का तुला? तो दयाच्या हातचा होता."

"म्हणूनच नका आणू. ती पहिल्यांदा काहीतरी विश्वासानं माझ्या हाती देऊन गेली. तिला मी खोटं परत देऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कासव प्रवरेच्या डोहात सोडलं. पाटलाला लिंबाखाली पुरलं. आणि मग त्या वाट बघत राहिल्या. ज्या पोरीच्या येण्याकडे डोळे लावून बसल्या होत्या, तिच्या येण्याची आता त्यांना धास्ती वाटू लागली. फ्रॉक पुरा झाला, घडी घालून ठेवला.

जूनमध्ये कृपा आली ती सरळ माझ्यापाशी. मी घासूनपुसून कोरडी ठेवलेली. बाई तिच्या शेजारी खाली बसल्या आणि त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही, कुणाच्या माथी मारलं नाही. मी हौसेनं केलं आणि मला समजत नव्हतं, असं म्हणाल्या.

कृपानं विचारलं, "कुठं पुरलाय?"

बाईंनी लिंब दाखवला. ती तिथं जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे कोरडेच होते. सोडायला आलेली आजी अजून गाडीवानाशी बोलत होती. तिचा पदर धरून कृपा म्हणाली, "आजी, मला न्हाई ऱ्हायचं इथं."

मास्तरांनी समजूत घातली, रागावले, शेवटी त्यांचंही काही चालेना. छबूबाई काही दुष्ट नव्हती. ती बाईंना म्हणाली, "तुमचं मन वाईट न्हाई, मला दिसतंय. पर लेकरू आत्ता जाऊ द्या. मन निवलं की येईल." गाडी त्याच वाटेनं परत गेली. फ्रॉक घडीतच राहिला.

कृपा जामखेडलाच शिकली. नाताळला यायची, बापाजवळ बसायची, जायची. बाईंना मूल झालं नाही.

पण एक झालं. गावात कुणी बेडूक धरला, कुणी सापसुरळी डब्यात ठेवली, की बाईंच्या कानावर यायचं आणि बाई आपण होऊन त्यांच्या घरी जायच्या. कुणाला हसायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत. एकदा साखर कारखान्यातला एक तरुण कारकूनच माझ्याकडे बघायला आला. अशीच पेटी करून त्याला कासव, सरडा आणि बेडूक सगळे एकत्र ठेवायचे होते. बाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमची हौस चांगली आहे, ती मोडू नका. फक्त एका घरात एकाच जातीचा जीव ठेवा. बेडकाला गारवा आणि ओल लागते, सरड्या-कासवाला ऊन लागतं. दोघांना पुरेल अशी जागा करायला गेलात तर ती दोघांनाही पुरत नाही. ज्याच्या तोंडात जो मावतो, तो त्याचा घास असतो, मग ते कितीही दिवस शेजारी बसलेले दिसोत. आणि खाणं सोडून कोपऱ्यात बसलेल्या जनावराला शांत समजू नका. ते भ्यालेलं असतं." तो जायला उठला तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही जमलं तर जिथून आणलं तिथं सोडा. त्यात कमीपणा नाही."

तो तरुण फक्त एक बेडूक पाळतो म्हणे. तो बेडूक चांगला जगलाय.

यंदा, एकोणपन्नासच्या सुरुवातीला, फिलिप मास्तर गेले. कृपा मातीला आली. पंधरा वर्षांची झालीय, हुबेहूब दयाबाई. सगळे पाहुणे पांगल्यावर त्या दोघी ओसरीत बसल्या होत्या. कृपानं अचानक विचारलं, "बाई, तेव्हा तुम्ही दुसरा बेडूक आणून ठेवला असता तर मला कळलं असतं का?"

"नसतं कळलं."

"मग का नाही ठेवलात?"

बाईंना पुष्कळ बोलायचं असावं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुला पुढं कधी कळलं असतं, तर तुझी आई दुसऱ्यांदा गेली असती."

कृपा खाली मान घालून बसून राहिली. तिचा हात बाईंच्या हातापासून वीतभर लांब होता. मला वाटलं, आता ती हात पुढं करील, आता ती 'आई' म्हणेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती निघाली. गाडीत चढताना म्हणाली, "येते, बाई."

आपल्याकडे जाणारा माणूस 'येते' असंच म्हणतो. त्यात तसं काही नसतं. पण बाई तो एक शब्द धरून बसल्यात.

आता माझ्यात पुदिना लावलाय. माझी एक काच आता तडकलीय, पण तिच्यातून ऊन येतं, तो बरा वाढतो. माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे, की कुठलाही जीव घरात आणण्याआधी विचारा, त्याला काय हवंय. तुम्हाला काय द्यावंसं वाटतं, ते नंतर. वाटेवर गाडीची चाकं वाजली की बाई अजून उठून दारात जातात. मला सगळं दिसतं, काचच आहे मी. गाडी पुढं निघून जाते.