जोडीदार नियमांची यादी आणि पेडगावची विहीर

मित्रांनो, परभणीतील एका कचेरीच्या माळ्यावर पडून असलेली मी एक जुनी, चुका दुरुस्त करणारी पेटी आहे.

उपग्रहाच्या तबकडीतून येणारे शून्य आणि एक वाटेत बिघडत असत. त्यांना सावरणे हा माझा धर्म होता. माझ्या संकेतातील प्रत्येक अंक मागील अंकांची आठवण घेऊन साखळीसारखा चालतो. बिघडलेला संदेश आला की मी त्याच्या सर्वांत जवळची वैध साखळी निवडते. दोन वैध साखळ्यांत जितक्या जागी फरक, तितके त्या फरकाचे वजन. वजन हलके असेल तर थोड्याशा बिघाडानेही माझी फसगत होते, आणि ती मला कळतही नाही.

दर दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळत असे. उमादेवी मला चालवी. बसवराज माझी देखभाल करी.

१९९० च्या उन्हाळ्यात माझ्यात आणि संदेश पाठवणाऱ्या केंद्राच्या पेटीत नव्या संकेताचे कार्ड बसले. त्याच आठवड्यात पेडगावात हगवण-ओकारीची साथ आली. वादळाने टेलिफोन मुके झाले होते. पाणी तपासणीचा निकाल माझ्यातूनच उतरला: वरची विहीर दूषित, खालची चांगली. उमादेवीची आई चन्नबसम्मा पेडगावातच राहत होती.

गावचा कोतवाल आश्रुबा दारात ताटकळत उभा होता. "बाई, लेकरं पाण्यासाठी रडायलीत. वरच्या विहिरीला कुलूप घालू ना?"

"थांबा!" उमादेवी म्हणाली. "नव्या कार्डाची वजनं अजून तपासली नाहीत. निकाल चुकीचा उतरला असंल तर?"

"उमाताई, आईपायी घाबरल्या तुमी," बसवराज म्हणाला. "संकेताला तपासणारे नियम म्हणजे त्याचा जोडीदार. जुन्या न् नव्या कार्डाच्या जोडीदारांची वजनयादी एकच हाय. मंग संकेतांची वजनंही सारखीच की!"

"सुट्या ठोकळ्यांच्या संकेतात ते खरं, दादा. ही साखळी हाय. आठवणीच्या कोणच्या स्थितीतून कोणच्या स्थितीत जाताना किती वजन पडतं, त्याचा तक्ता लागतो. नुसतं वऱ्हाड मोजून नवरदेव ओळखता येतो का?"

"तुमचं वऱ्हाड जेवंपर्यंत गाव मरंल की, बाई!" आश्रुबा ओरडला.

उमादेवीने फळ्यावर जोडीदाराचा तक्ता मांडला आणि त्यावरून नव्या संकेताचा तक्ता काढू लागली. तिच्या बोटांतील खडू मोडला. बसवराजने दुसरा दिला, आणि मग तोही शेजारी उभा राहून आकडे पडताळू लागला. अखेर एका ओळीवर दोघेही थबकले. नव्या संकेतात एक फार हलकी वाट होती: दोन साखळ्यांत इतका थोडा फरक, की जरा बिघाड होताच निकाल उलटा व्हावा.

"जुनं कार्ड घाला, दादा," ती हळूच म्हणाली.

पलीकडच्या केंद्रालाही तिने उपग्रहावरूनच, संदेश पुन्हा पुन्हा पाठवून, तसेच कळवले आणि निकाल परत मागितला. जुने कार्ड माझ्यात बसले. मित्रांनो, ती वाट पाहणे मी कधी विसरणार नाही. संदेश पुन्हा उतरला: खालची विहीर दूषित, वरची चांगली.

आश्रुबाने लुनाचे पायडल मारले.

दुसऱ्या दिवशी तो आला. "तुमच्या आईनं खालच्या विहिरीची घागर भरून कमरेवर घेतली व्हती. म्या तिथंच उलथी केली. त्यांनी मला लय शिव्या घातल्या, बाई, तुमच्या माहेराची म्या लाज काढली म्हणून!"

उमादेवी हसता हसता माझ्यावर डोके टेकून रडली.

आता माझ्या कामाला नवी यंत्रे आली आहेत, आणि माझ्या जाळीत कोळ्यांनी घरे केली आहेत. मित्रांनो, माझी धूळ झटकली नाही तरी चालेल. परंतु निर्दोष दिसणारे उत्तर कोणाच्या ओंजळीत जाणार आहे, याचा विचार करून ते एकदा तरी पडताळून पाहा.